पहिलेपणाचे चरित्र आणि दुसऱ्याची प्रतीक्षा

१

'पहिला' हे व्याकरणदृष्ट्या क्रमवाचक संख्याविशेषण आहे. क्रम म्हटला की त्यात दुसरा, तिसरा, चौथा गृहीत असतो. परंतु इतिहास आणि चरित्र या वाङ्मयप्रकारांत हे विशेषण येते तेव्हा त्याचे क्रमवाचकत्व बहुधा गळून पडते आणि ते गुणवाचक होऊन बसते. 'पहिली कवयित्री', 'पहिला संशोधक', 'पहिला सिनेटर' या पदबंधांत वाचक क्रम वाचत नाही, त्या व्यक्तीचे असामान्यत्व वाचतो. विशेषणाच्या या अर्थांतरात एक संपूर्ण कथनव्यवस्था दडलेली असते. तिची मीमांसा करणे हे समीक्षेचे काम आहे.

आफ्रिकन-अमेरिकन समाजाविषयीच्या लेखनात ही व्यवस्था विशेष स्पष्टपणे पाहता येते. कार्टर वुडसन यांनी १९२६ साली 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. १९७६ पासून फेब्रुवारीचा सगळा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. या परंपरेभोवती 'पहिल्यां'च्या याद्या, चरित्रकोश, शालेय पुस्तके आणि बालचरित्रे यांचे विपुल वाङ्मय उभे राहिले. ज्या समाजाला इतिहासच नाही असे पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले, त्याने आपल्या पूर्वजांची नावे मोजून दाखवावीत, यातील निकड उघड आहे. तिच्याविषयी शंका उपस्थित करण्याचा येथे हेतू नाही. विचार करावयाचा आहे तो या वाङ्मयाच्या रूपबंधाचा. हा रूपबंध काय दृश्यमान करतो आणि काय झाकून ठेवतो?

प्रस्तुत निबंधातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. 'पहिला' हे विधान वरकरणी व्यक्तीविषयीचे असले तरी त्याचा खरा विषय दरवाजा हा असतो. 'अमुक साली अमुक व्यक्ती पहिली' यावरून एवढेच निश्चित कळते की त्या सालापर्यंत दार बंद होते. त्यानंतर ते उघडे राहिले, की एकाला आत घेऊन पुन्हा लावले गेले, हे 'पहिल्या'वरून कळू शकत नाही. त्यासाठी 'दुसऱ्या'चा शोध घ्यावा लागतो. आणि पहिलेपणाच्या चरित्रात दुसऱ्याला स्थान नसते.

२

या विषयाचा आरंभ एका कवितासंग्रहापासून करणे सयुक्तिक ठरेल. सुमारे १७५३ साली पश्चिम आफ्रिकेत जन्मलेली एक मुलगी १७६१ मध्ये बोस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून तिला आणले त्याचे नाव 'फिलिस' होते आणि ज्या कुटुंबाने तिला विकत घेतले त्याचे आडनाव व्हीटली होते. फिलिस व्हीटली हे तिचे नाव या दोहोंपासून तयार झाले. १७७३ साली तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये प्रकाशित झाला. आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तीचे हे पहिले प्रकाशित पुस्तक मानले जाते.

या संग्रहाच्या आरंभी एक दाखला छापलेला आहे. त्यावर बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठितांची नावे आहेत. त्यांत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहेत, जॉन हॅनकॉक आहेत आणि खुद्द फिलिसचे मालक जॉन व्हीटलीही आहेत. या कविता या मुलीनेच लिहिल्या आहेत, असे ही मंडळी जगाला सांगतात. हेन्री लुई गेट्स यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची मांडणी एका परीक्षेच्या रूपात केली. अठरा गोरे पुरुष अर्धवर्तुळात बसले आहेत आणि त्यांच्यासमोर एक तरुणी उभी आहे, असे ते दृश्य आहे. पुढे जोॲना ब्रुक्स यांनी अशी परीक्षा प्रत्यक्षात कधी झालीच नसावी, असे साधार प्रतिपादन केले. या वादात निर्णय देण्याची येथे आवश्यकता नाही. लक्षणीय गोष्ट ही की परीक्षेचे दृश्य कल्पित असले तरी दाखला कल्पित नाही. वाचकाने कविता वाचण्यापूर्वी कर्तृत्वाचे प्रमाणपत्र वाचावे, अशी त्या पुस्तकाची रचनाच आहे.

रॉबर्ट स्टेप्टो यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात गुलामांच्या आत्मकथनांसंदर्भात अशा प्रमाणीकरण करणाऱ्या दस्तऐवजांचा विचार केलेला आहे. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनालाही विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र जोडलेले आहे. म्हणजे संहितेला स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा अधिकार नाही. तिच्या दाराशी एक साक्षीदार उभा असला पाहिजे. पहिलेपणाच्या प्रत्येक कथनात हा साक्षीदार असतो. तो कधी प्रस्तावनाकार असतो, कधी न्यायाधीश, कधी प्राध्यापक. 'पहिला' कोण हे तोच ठरवतो.

या साक्षीदारांत समीक्षकही होता, हे आपण विसरू नये. टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात फिलिस व्हीटलीच्या कविता समीक्षेच्या योग्यतेच्याही नाहीत, असा निर्वाळा दिला. वाङ्मयीन मूल्यनिर्णयाची भाषा येथे मानववंशाविषयीच्या निर्णयासाठी वापरली गेली. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या मेरीलँडमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने आपल्या पंचांगाचे हस्तलिखित जेफरसन यांना पाठवले आणि सोबतच्या पत्रात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता गुलाम कसे बाळगतो, असा थेट प्रश्न केला. जेफरसन यांनी सौजन्याचे उत्तर दिले. १८०९ साली जोएल बार्लो यांना लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी बॅनेकर यांना कोणाचे साहाय्य झाले असावे, अशी शंका व्यक्त केली. पहिल्याची परीक्षा संपत नाही, याचे हे उदाहरण आहे. एकटा असल्यामुळे तो सदैव अपवाद ठरतो, आणि अपवादाकडे नेहमीच संशयाने पाहता येते.

फिलिसच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण घटना मात्र पहिल्या पुस्तकानंतरची आहे. १७७९ साली तिने दुसऱ्या संग्रहासाठी वर्गणीदार मिळवण्याची जाहिरात दिली. तिला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ मध्ये ती दारिद्र्यात मरण पावली आणि ते हस्तलिखित नाहीसे झाले. पहिल्या पुस्तकाला अठरा साक्षीदार मिळाले, दुसऱ्याला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. पहिले पुस्तक कुतूहलाचा विषय होऊ शकते. दुसरे पुस्तक निघायचे तर लेखिकेला लेखिका म्हणून स्वीकारावे लागते.

३

कवितेपासून यंत्राकडे जाणे वरकरणी अनपेक्षित वाटेल. परंतु ग्रंथकर्तृत्व आणि पेटंट या दोन्ही संकल्पनांचा पाया एकच आहे. 'ही निर्मिती माझी आहे' असे म्हणू शकणारी आणि जिचे म्हणणे कायदा ऐकून घेईल अशी व्यक्ती दोन्हीकडे अभिप्रेत असते. गुलाम ही कायद्याच्या लेखी व्यक्ती नव्हती, मालमत्ता होती. मालमत्तेला कर्तृत्व असू शकते काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला प्रत्यक्ष तोंड द्यावे लागले.

न्यूयॉर्कमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय शिंपी टॉमस जेनिंग्ज यांना १८२१ साली कपडे कोरड्या पद्धतीने स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले. पेटंट मिळालेले ते पहिले ज्ञात आफ्रिकन-अमेरिकन होत. या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी आपल्या कुटुंबीयांना दास्यातून सोडवण्यासाठी आणि गुलामगिरीविरोधी कार्यासाठी खर्च केला. त्यांच्या पेटंटचा मूळ कागद १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत जळाला.

जेनिंग्ज स्वतंत्र होते. मिसिसिपीतील नेड स्वतंत्र नव्हता. त्याने कापसाच्या शेतीसाठी एक सुधारित अवजार तयार केले. त्याचा मालक ऑस्कर स्टुअर्ट याने या अवजाराचे पेटंट स्वतःच्या नावे मागितले. गुलामाच्या हातांच्या श्रमावर मालकाचा हक्क असेल तर त्याच्या बुद्धीच्या फळावरही असलाच पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद होता. १८५८ साली ॲटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांनी अभिप्राय दिला की गुलामाने केलेल्या शोधाचे पेटंट देता येत नाही. पेटंटसाठी संशोधकाला शपथ घ्यावी लागे. गुलामाला नागरिक म्हणून शपथ घेण्याचा अधिकार नव्हता, आणि मालक संशोधक नसल्यामुळे तोही ती घेऊ शकत नव्हता. अवजार होते, ते करणारा होता, परंतु कायद्याच्या भाषेत त्या वाक्याला कर्ता नव्हता. व्याकरणातील अकर्तृक भावे प्रयोगाची येथे आठवण व्हावी.

स्टुअर्टने पेटंटवाचूनच त्या अवजाराची विक्री केली आणि त्याच्या जाहिरातीत एका मळेवाल्याचा अभिप्राय छापला. हे अवजार एका गुलामाने शोधले आहे. तेव्हा गुलामगिरीमुळे निग्रोची बुद्धी खुंटते ही विरोधकांची ओरड खोटी ठरते, असा त्या अभिप्रायाचा आशय होता. स्वतंत्र निग्रोने कधी काही शोधले आहे काय, असा प्रतिप्रश्नही त्यात होता.

हा मजकूर पहिलेपणाच्या संपूर्ण कथनव्यवस्थेवर प्रकाश टाकणारा आहे. नेडची प्रतिभा नाकारलेली नाही, उलट तिचा गौरवच झालेला आहे. परंतु त्या गौरवाचा उपयोग गुलामगिरीच्या समर्थनासाठी होतो. 'बघा, एकाला जमले' या विधानाचे दोन अर्थ निघू शकतात: 'सर्वांना संधी मिळाली पाहिजे' हा एक, आणि 'व्यवस्थेत दोष नाही' हा दुसरा. चरित्रकाराला पहिला अर्थ अभिप्रेत असला तरी केवळ अपवादाचा गौरव करणारी रचना दुसऱ्या अर्थाला प्रतिबंध करू शकत नाही.

४

पेटंटच्या दप्तरात संशोधकाचा वर्ण नोंदवला जात नसे. मग आज आपल्याला ठाऊक असलेली कृष्णवर्णीय संशोधकांची यादी आली कोठून? तिलाही एक लेखक आहे. त्याचे नाव हेन्री बेकर. तो पेटंट कार्यालयात नकलनवीस म्हणून लागला आणि पुढे सहायक परीक्षक झाला. त्याने वर्षानुवर्षे देशभरातील पेटंट वकिलांना पत्रे पाठवली, उत्तरे पडताळली आणि नावांची यादी केली. १८९४ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी जॉर्ज वॉशिंग्टन मरे यांनी अशी यादी काँग्रेसमध्ये वाचून दाखवली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांविषयीचे जे दालन डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस व त्यांचे सहकारी यांनी उभारले, त्यातही बेकर याच्या कामाचा समावेश होता. १९१३ मध्ये त्याने या विषयावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

यादी हा वाङ्मयप्रकार आपण कनिष्ठ समजतो. वस्तुतः बेकरची यादी ही एक प्रतिसंहिता आहे. मूळ दप्तर वर्णाविषयी मौन पाळते आणि समाज त्या मौनाचा अर्थ 'कृष्णवर्णीयांनी काही शोधले नाही' असा लावतो. बेकर ते मौन वाचून दाखवतो. तो स्वतःच नोंदवतो की काही वकिलांनी उपहासाने उत्तरे दिली आणि काही संशोधकांनी मालाच्या विक्रीवर परिणाम होईल म्हणून आपला वर्ण उघड करण्यास नकार दिला. तेव्हा ही यादी अपुरी आहे, आणि आपले अपुरेपण ती लपवत नाही. यादीचा आणखी एक विशेष असा की तिच्यात नायक नसतो. एका नावाखाली दुसरे नाव येते. चरित्राने हिरावलेला 'दुसरा' यादीत टिकून राहतो.

बेकर स्वतः १८७४ साली ॲनापोलिसच्या नौदल प्रबोधिनीत दाखल झालेला तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. पहिल्या तिघांपैकी एकालाही तेथून पदवी घेता आली नाही. तेथून पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय वेस्ली ब्राउन १९४९ साली झाले. तिसरा आधी आला आणि पहिला पंचाहत्तर वर्षांनी, असा हा विलक्षण क्रम आहे.

'पहिला' हा शोध घेणाऱ्याच्या आवाक्यावरही अवलंबून असतो. पेटंट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून घडीच्या पलंगाचे पेटंट १८८५ मध्ये घेणाऱ्या सेरा गुड यांचे नाव दीर्घकाळ घेतले जाई. नंतर कणीक मळून लाटण्याच्या यंत्राचे पेटंट १८८४ मध्ये घेणाऱ्या जूडी रीड यांचे नाव पुढे आले. त्यांनी सहीच्या जागी फुली केलेली आहे. अलीकडे मक्याची कणसे सोलण्याच्या यंत्राचे पेटंट १८६८ मध्ये घेणाऱ्या मार्था जोन्स यांच्याकडे हा मान जातो. येथे पहिलेपण कोणी कोणाकडून जिंकलेले नाही. दप्तर वाचणारे बदलले एवढेच. सेरा गुड यांच्या कर्तृत्वात त्यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. ज्या विशेषणाचे असणे-नसणे कर्तृत्वात फरक करीत नाही, त्याच विशेषणावर चरित्राचा सगळा डोलारा उभारणे कितपत युक्त आहे?

या डोलाऱ्याला दंतकथांचेही टेकू दिले जातात. लँफाँ यांनी केलेला वॉशिंग्टन शहराचा आराखडा बॅनेकर यांनी स्मरणातून पुन्हा काढला, ही कथा पुराव्याने सिद्ध होत नाही. १७९१ मध्ये त्या प्रदेशाच्या मोजणीत त्यांनी अँड्र्यू एलिकट यांना साहाय्य केले, एवढे खरे आहे. दंतकथेतही समाजाचे एक सत्य असते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाला सांगण्याची गरज नाही. परंतु पहिलेपणाच्या न्यायालयात एक साक्ष खोटी ठरली की सगळा दावाच फेटाळणारे टपलेले असतात. म्हणून या क्षेत्रात नेमकेपणा हा कोरडा पांडित्याचा सोस ठरत नाही, ते नैतिक उत्तरदायित्व ठरते.

५

आता 'दुसऱ्या'कडे वळू. एडवर्ड बूशे यांनी १८७६ मध्ये येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत. चरित्रकोशातील नोंद येथे सार्थ होते. परंतु बूशे यांना कोणत्याही संशोधनसंस्थेत जागा मिळाली नाही. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत त्यांनी पाव शतक अध्यापन केले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे दुसरे आफ्रिकन-अमेरिकन एल्मर आइम्स यांना ती मिशिगन विद्यापीठाने १९१८ मध्ये दिली. या दोन सालांत बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. बूशे यांच्या पदवीवरून त्यांची बुद्धिमत्ता कळते. बेचाळीस वर्षांवरून अमेरिकन विद्यापीठे कळतात. आइम्स यांच्याशी १९१९ मध्ये विवाह झालेल्या नेला लार्सन यांची 'पासिंग' ही कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्णरेषा ओलांडून गोऱ्यांत मिसळून जाणाऱ्या स्त्रीची ही कथा. वर्ण लपवला तरच दार उघडते, हा पेच बेकरच्या यादीत नाव देण्यास नकार देणाऱ्या संशोधकांचाही होता.

राजकारणातील उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटमध्ये गेले. दुसरे, ब्लॅंच ब्रूस, १८७५ मध्ये. दोघेही मिसिसिपीचे. येथे दुसरा लवकर आला. परंतु ब्रूस यांची मुदत १८८१ मध्ये संपली आणि त्यानंतरचे कृष्णवर्णीय सिनेटर एडवर्ड ब्रुक १९६७ मध्ये आले. मधल्या शहाऐंशी वर्षांत पुनर्रचनेचा कालखंड संपला होता आणि दक्षिणेत मताधिकार पद्धतशीरपणे काढून घेतला गेला होता. बेसबॉलमध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ साली प्रमुख संघांच्या स्पर्धेत खेळले, त्याच वर्षी त्यांचा भाऊ वेल्डीही खेळला. मग दार लागले. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरले, तेव्हा वॉकर बहुतेकांच्या स्मरणातून पुसले गेले होते. म्हणजे वर्णभेद केवळ दार बंद करीत नाही, दार एकदा उघडले होते ही आठवणही बंद करतो. मग प्रत्येक पिढीत कोणालातरी पुन्हा 'पहिला' व्हावे लागते.

यावरून 'दुसरा' ही संकल्पना अधिक काटेकोर करता येईल. दुसरा म्हणजे क्रमाने दोन हा अंक नव्हे. ज्या अवस्थेत येणाऱ्यांची मोजदाद अनावश्यक होते ती अवस्था, असा तिचा अर्थ घ्यावा लागेल. पहिल्याचे नाव सर्वांना माहीत असते. दुसरेपणाची खूण ही की नाव माहीत असण्याची गरज उरत नाही.

६

मराठी वाचकाशी या विषयाचा संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेचा आणि ग्रंथनामाचा रोख एका व्यवस्थेकडे आहे. शतकाहून थोड्या अधिक काळाने, १९८१ मध्ये, वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' प्रसिद्ध झाले आणि आफ्रिकन-अमेरिकन जग मराठी घराघरात पोहोचले. पुस्तकाने निर्माण केलेले वाचनप्रेम आणि श्रमप्रतिष्ठेविषयीचा आदर यांचे मोल वादातीत आहे. परंतु फुल्यांच्या व्यवस्थेकडून आपण एका व्यक्तीकडे आलो, हे स्थित्यंतरही नोंदवले पाहिजे.

'एक होता' हा मराठी कथेचा आदिम आरंभ आहे. एक होता राजा, एक होती चिमणी. या शीर्षकाने चरित्रनायक लोककथेच्या अवकाशात जातो, आणि पुस्तकाच्या लोकप्रियतेत या निवडीचा वाटा निश्चित आहे. परंतु लोककथेतील 'एक' अनिश्चित असतो. पहिलेपणाच्या चरित्रातील 'एक' संख्यावाचक होतो. तो एकमेव ठरतो. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेत लिंडा मॅकमरी यांचे कार्व्हरचरित्र ऑक्सफर्डने प्रकाशित केले. त्याच्या शीर्षकात 'शास्त्रज्ञ' आणि 'प्रतीक' हे दोन शब्द शेजारी येतात. बॅरी मॅकिंटॉश यांनी १९७६ मध्येच कार्व्हर यांच्याभोवतीच्या मिथकाची चिकित्सा केलेली होती. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनी शोधलेले नाही. शेकडो उत्पादनांच्या तुलनेत त्यांच्या नावावर पेटंटे तीनच आहेत, १९२५ ते १९२७ या काळातली.

हे सांगितल्याने कार्व्हर लहान होत नाहीत. त्यांचे खरे काम अधिक कठीण होते. १८९६ मध्ये ते टस्कीगीला गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वर्णविलगतेला मान्यता दिली. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार संपवला. कार्व्हर ज्या शेतकऱ्यांना पिकांची फेरपालट, शेणखत-पालापाचोळ्याचे खत, भुईमूग आणि रताळी यांविषयी सांगत, त्यांपैकी अनेकांची जमीन स्वतःची नव्हती. वाट्याने कसणाऱ्या कुळाला दुकानदार-सावकार उभ्या पिकाच्या तारणावर उधारी देई आणि पीक कापसाचेच घ्यावयास लावी. मार्क हर्सी यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात कार्व्हर यांच्या मृदासंधारणाच्या विचाराची महत्ता आणि या व्यवस्थेने त्याला घातलेली मर्यादा, दोन्ही दाखवून दिल्या आहेत. पीकतारण आणि सावकारी ही मराठी वाचकाच्या परिचयाची सृष्टी आहे. तरीही आपल्या वाचनाच्या रूढीने कार्व्हर यांच्यातून जिद्द घेतली, सावकार सोडून दिला.

आणि त्यांचा 'दुसरा'? १९०६ मध्ये खेडोपाडी शेतीचे ज्ञान नेणारी घोडागाडी, जेसप वॅगन, सुरू झाली. ती पुढे चालवली कार्व्हर यांचे विद्यार्थी टॉमस मनरो कॅम्पबेल यांनी. शेती-प्रात्यक्षिकासाठी केंद्र सरकारने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्मचारी होत. या फिरत्या शाळेवर त्यांनी १९३६ मध्ये पुस्तकही लिहिले. कार्व्हर यांचे सर्वांत टिकाऊ कार्य या साखळीत आहे. शेंगदाण्यापासून किती वस्तू केल्या याची संख्या सांगता येते. एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलेले ज्ञान मोजता येत नाही. म्हणूनच ते दंतकथेत शिरत नाही.

७

मग या विषयाला न्याय देणारा रूपबंध कोणता? मार्गो ली शेटर्ली यांच्या २०१६ च्या 'हिडन फिगर्स' या ग्रंथाकडे या दृष्टीने पाहता येईल. लँगली येथील संशोधनकेंद्रात गणनाचे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा हा इतिहास आहे. शीर्षकच अनेकवचनी आहे. डोरोथी वॉन १९४९ मध्ये आपल्या विभागाच्या प्रमुख झाल्या, मेरी जॅक्सन १९५८ मध्ये अभियंता झाल्या, कॅथरीन जॉन्सन यांच्या अवकाशमार्गांच्या गणिताची कीर्ती झाली. परंतु ग्रंथाचा नायक तो सबंध विभाग आहे. एकीने दुसरीला शिकवले, एकीच्या नोकरीची बातमी दुसरीला कळली, ही साखळी तेथे कथनाचा कणा होते.

त्याच वर्षी त्यावर आधारित चित्रपट आला. त्यात गोरा अधिकारी स्वच्छतागृहावरील वर्णभेदाची पाटी हातोड्याने तोडतो, असा एक लोकप्रिय प्रसंग आहे. तो प्रत्यक्षात घडलेला नाही. फिलिस व्हीटलीच्या दाखल्यावरील अठरा नावांचे हे आधुनिक रूप आहे. दार आतल्या प्रतिष्ठिताने उघडले पाहिजे, ही कथनाची जुनी गरज अडीचशे वर्षांनीही शमलेली नाही.

पहिल्यांची चरित्रे लिहिली जाऊ नयेत, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. बंद दाराशी एकट्याने उभे राहण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आग्रह आहे तो वाचनपद्धतीचा. 'पहिला' हा शब्द आढळताच अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. हे पहिलेपण कोणी प्रमाणित केले? कोणत्या दप्तरावरून? आणि त्यानंतर किती वर्षांनी कोण आले? पहिल्या प्रश्नातून साक्षीदार दिसू लागतो, दुसऱ्यातून दप्तराचे मौन, तिसऱ्यातून दरवाजा. या तीन प्रश्नांसह वाचले तर नेडसारखा, ज्याचे आडनावही आपल्याकडे नाही, तोही इतिहासाचा कर्ता म्हणून समोर येतो.

आपल्याकडील वाङ्मयेतिहासालाही ही पद्धती लावून पाहता येईल. 'पहिली कादंबरी', 'पहिले आत्मकथन', 'पहिली लेखिका' या नोंदींपाशी आपले अध्यापन पुष्कळदा थांबते. त्या नोंदींच्या पुढची ओळ रिकामी का आहे, हे विद्यार्थ्याने विचारले पाहिजे. फिलिस व्हीटलीचा पहिला संग्रह आज कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतो. दुसरा कोठेही मिळत नाही. समीक्षेने त्याही रिकाम्या जागेचे वाचन करावयास हवे.